काल पायांत घोटाळणारे मांजर आज ओळख का दाखवत नाही? सोसायटीतील भटक्या मांजराची ओळख आणि मैत्री

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये वावरणाऱ्या मांजरांना जी मंडळी नियमाने खायला घालतात, त्यांच्याकडून एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. मांजर आठ-दहा दिवस रोज येते, पायांत घोटाळते, पाठीवरून हात फिरवू देते. आणि मग एके दिवशी तेच मांजर आपल्याला पाहताच गाडीखाली दबून बसते, हात पुढे केला तर फिस्कारते, जणू आपला चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नाही. चार दिवसांनी सगळे पुन्हा पूर्ववत होते आणि आठवड्याने पुन्हा बिनसते. खाऊ घालणारा माणूस हिरमुसतो आणि वाटी उचलून ठेवतो, किंवा ओळख पटवून देण्याच्या हट्टाने मांजराला धरायला जातो आणि ओरबाडून घेतो.

कर्वेनगरमधील आमच्या इमारतीत मी स्वतः हे सात महिने अनुभवले. मांजर लहरी असते, हे उत्तर मी आता स्वीकारत नाही. मांजर बिथरते तेव्हा त्याला कारण असते, आणि ते कारण क्रमाने शोधत गेले तर बहुतेक वेळा सापडते. त्यातही जे कारण सर्वांत आधी तपासायला हवे, तेच आपल्या मनात सर्वांत शेवटी येते. ते म्हणजे, आपण ज्याला एक मांजर समजतो, ते एक नसतेच.

मांजर एकच आहे का?

आमच्याकडे येणारे मांजर कबरे होते: पाठ काळी, पोट पांढरे, चारही पायांत पांढरे मोजे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर स्टीलची वाटी घेऊन बसले की ते येई. काही दिवशी ते शेपटी उभी करून थेट पायांशी येई, तर काही दिवशी तीन मोटारींपलीकडे थांबे आणि मी उठून जाईपर्यंत वाटीला तोंड लावत नसे. मी खाणे बदलून पाहिले, वेळ बदलून पाहिली, चपलांच्या आवाजाने घाबरत असेल म्हणून अनवाणी उतरूनही पाहिले. तळमजल्यावर राहणाऱ्या आजी दिवसभर खिडकीशी वाती वळत बसतात, त्या एकदा सहज म्हणाल्या, "अगं, ती एक कुठे आहे? दोघी आहेत त्या. एक सारखी ओरडते आणि दुसरी तोंडातून आवाज काढत नाही. तुला वेगळ्या दिसत नाहीत का?"

मला ते लगेच पटले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलवर छायाचित्रे काढू लागले आणि पाचव्या दिवशी दोन छायाचित्रे मोठी करून एकापाठोपाठ पाहिली. एका मांजरीच्या गुलाबी नाकावर, उजव्या नाकपुडीच्या किंचित वर, मोहरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. दुसरीचे नाक कोरे होते. पुढच्या आठवड्यात दोघी एकाच वेळी दिसल्या, एक स्कूटरच्या सीटवर पसरलेली आणि दुसरी त्याच स्कूटरच्या चाकामागे अंग चोरून बसलेली. ठिपकेवालीचे नाव मोहरी पडले, आणि मोहरीमागून जिरे येणारच म्हणून दुसरी जिरी झाली. मोहरी माणसांत वाढलेली होती, जिरी नव्हती, आणि मोहरीने दिलेल्या सलगीच्या भरवशावर मी सात महिने जिरीच्या डोक्यावर हात ठेवायला जात होते. जिरीच्या बाजूने पाहिले तर एक अनोळखी बाई रोज तिच्या अंगावर धावून येत होती.

पुण्यातील दाट वस्तीत ही गफलत सहज होते, कारण एका वेतातील बहिणी मोठ्या झाल्यावर आईच्या आसपासच राहतात आणि त्यांची अंगे बरीच सारखी असतात. म्हणून पहिले पंधरा दिवस मैत्रीचा प्रयत्न बाजूला ठेवून केवळ ओळख पटवावी. प्रत्येक वेळी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कारण मांजराच्या दोन बाजूंचे ठिपके आणि पट्टे एकसारखे नसतात आणि एकाच मांजराला आपण दोन समजण्याची चूकही होऊ शकते. नाक, हनुवटी आणि शेपटीचे टोक या तीन जागा सर्वांत भरवशाच्या असतात. पांढरा मोजा कोणत्या पायात कुठपर्यंत आला आहे, शेपटीवर किती कडी आहेत, शेपटी टोकाशी मुडपलेली आहे का, कानाला जुनी चीर आहे का, हेही पाहावे. केवळ "पिवळे मांजर" किंवा "पट्ट्यांचे मांजर" एवढ्या नोंदीचा उपयोग होत नाही, कारण पट्टेरी मांजरांच्या कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी खूण जवळपास सर्वांनाच असते. मी स्वयंपाकघरातील कालनिर्णयच्या तारखांच्या चौकटीत वेळ आणि "मो" किंवा "जि" एवढेच लिहीत असे, आणि महिन्याच्या शेवटी दोघींच्या येण्याजाण्याचा क्रम डोळ्यांसमोर उभा राहत असे.

नर की मादी हे रंगावरूनही थोडे कळते. काळा, पिवळसर तांबूस आणि पांढरा असे तीन रंग एकाच अंगावर असले तर ती जवळजवळ नेहमी मादी असते, कारण तांबूस रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काळा व तांबूस हे दोन्ही रंग दिसायला दोन एक्स गुणसूत्रे लागतात. पूर्ण तांबूस मांजरांत बोके जास्त असतात. नसबंदी न झालेल्या प्रौढ बोक्याचे गाल फुगीर आणि मान जाड दिसते, त्यामुळे त्याला दुरूनही ओळखता येते.

ते माणसाळलेले आहे की रानटी?

मांजर एकच आहे याची खात्री झाली की पुढचा प्रश्न त्याच्या लहानपणाचा असतो. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा हात, आवाज आणि वास यांची सवय झाली तर ती जन्मभर पुरते. त्या काळात माणूस भेटला नाही तर पुढे तेच मांजर माणसाकडे शिकारी प्राणी म्हणून पाहते. म्हणून आपल्या अंगणात येणाऱ्या मांजरांत तीन वेगवेगळे प्राणी असतात: घरातून हरवलेले किंवा सोडून दिलेले पाळीव मांजर, रस्त्यावर राहणारे पण माणसांच्या हातून खाल्लेले मांजर, आणि माणसाचा स्पर्श कधीच न झालेले रानटी मांजर. तिघांनाही भूक सारखीच लागते, त्यामुळे वाटीशी तिघेही सारखीच दिसतात, आणि इथेच फसगत होते.

फरक वाटीपाशी पाहू नये, खाणे संपल्यानंतर पाहावा. माणसाळलेले मांजर खाऊन झाल्यावर जागेवरच थांबते, पंजा चाटून तोंड पुसते, आपल्याकडे पाहते. रानटी मांजर शेवटचा घास गिळताच निघून जाते. माणसाळलेले मांजर माणसाला उद्देशून म्यांव करते. प्रौढ मांजरे एकमेकांशी बोलताना म्यांव क्वचितच करतात. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो, आणि म्हणून आजींनी आवाजावरून केलेली पारख अगदी अचूक होती. शेपटी सरळ उभी आणि टोकाशी किंचित वाकलेली असेल तर ते स्वागत असते. अंग जमिनीला चिकटवून, कान आडवे करून, भिंतीच्या कडेकडेने चालणारे मांजर आपल्यापासून पळण्याची वाट आधीच ठरवून आलेले असते.

हरवलेले मांजर ओळखण्यात मात्र थोडी घाई करावी, कारण कुठेतरी एखादे घर त्याला शोधत असते. अंगावर कातडे सैल पडलेले, केस मळलेले, पण भांड्यांचा आवाज आला की थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येणारे, लिफ्टला किंवा दाराच्या बेलला न बिचकणारे मांजर बहुधा घरातील असते. लांब केसांची पर्शियन मांजरे पार्किंगमध्ये दिसली तर ती तिथे जन्मलेली नाहीत असे समजायला हरकत नाही. आठवडाभरात त्यांच्या केसांच्या गाठी होतात आणि त्या गाठी कातडी ओढत राहतात. मांजर मानेला हात लावू देत असेल तर कागदाची एक रुंद पट्टी गळ्याभोवती सैल गुंडाळून तिच्यावर "हे मांजर तुमचे आहे का?" असे विचारून आपला फोन नंबर लिहावा. कागद कुठे अडकला तर सहज फाटतो, त्यामुळे फास बसत नाही. दोरा, रिबन किंवा घुंगराचा पट्टा या कामाला वापरू नये. कुणी फोन केला नाही तर पट्टी दोन दिवसांत आपोआप गळून पडते.

कानाचीही एक खूण असते. एका कानाचे टोक सरळ रेषेत, कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसत असेल तर त्या मांजराची नसबंदी झालेली असते. भूल दिलेली असतानाच हे टोक कापतात, आणि मांजर पुन्हा पकडले जाऊन त्याच्यावर विनाकारण दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होऊ नये हा त्यामागचा हेतू असतो. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा कान सरळ असतो.

हाताची शेवटची वीत

ज्यांचे मांजर खरोखर एकच आहे आणि माणसाळण्याजोगेही आहे, त्यांच्याकडे बिघाड बहुतेक वेळा अंतराच्या शेवटच्या वितीत होतो. मांजर हातभर अंतरावर येऊन बसते, आपल्याला वाटते की आता झालेच, आणि आपण हात वरून खाली आणत त्याच्या डोक्याकडे नेतो. मांजराला अगदी तोंडाजवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही. डोक्यावर उतरणारी धूसर सावली त्याच्यासाठी घारीची असू शकते, कुत्र्याच्या जबड्याची असू शकते. ते मागे उडी मारते, आणि जे अंतर कमी व्हायला तीन आठवडे लागले होते ते एका क्षणात पूर्वीएवढे होते.

जिरीच्या बाबतीत मी पार्किंगच्या फरशा मोजत गेले. आमच्या पार्किंगमध्ये फूटभर लांबीरुंदीच्या शहाबादी फरशा आहेत, त्यामुळे मोजमाप आयतेच मिळाले. सुरुवातीला वाटी माझ्यापासून अकरा फरशांवर ठेवली तरच ती खात असे. मी वाटी तिथेच ठेवली आणि तीन दिवस ती निवांत, मागे न बघता खाते असे दिसल्यावरच एक फरशी जवळ आणली. कधी एका फरशीला आठवडा लागला. एकदा गाडीचा हॉर्न वाजला आणि ती दोन फरशा मागे गेली, तेव्हा मीही वाटी दोन फरशा मागे नेली. मांजर मागे सरकले की आपणही मागे सरकावे, ही गोष्ट मला सर्वांत उशिरा समजली. आपण जागा सोडली नाही तर त्याला पळण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

या काळात तिच्या बाजूला तोंड करून बसण्याऐवजी मी आडवी बसे, खांदा तिच्याकडे आणि नजर जमिनीकडे. टक लावून पाहणे ही मांजरांच्या व्यवहारात धमकी असते. त्याउलट, डोळे अर्धे मिटून, सावकाश पूर्ण मिटून, पुन्हा सावकाश उघडणे ही विश्वासाची खूण असते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की माणसाने या पद्धतीने डोळे मिचकावले तर मांजरे तशीच प्रतिक्रिया अधिक वेळा देतात, आणि अनोळखी माणसानेही आधी असे केले तर त्याच्याजवळ येण्याची शक्यता वाढते. जिरीने पहिल्यांदा डोळे मिटून उघडले तेव्हा ती पाच फरशांवर होती, आणि तिच्या पापणीखालची पांढरट कड क्षणभर दिसून गेली. मी जागची हलले नाही.

हात द्यायची वेळ आली तर तो मांजराच्या हनुवटीच्या खाली, जमिनीलगत, मूठ सैल मिटून आणि एक बोट थोडे पुढे काढून ठेवावा, आणि तिथेच थांबवावा. पुढचे अंतर मांजराने कापायचे असते. ते बोट हुंगेल. मग मान वळवून गाल घासेल, किंवा निघून जाईल. गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली आणि कानाच्या मुळाशी दोन-तीनदा बोट फिरवून हात काढून घ्यावा. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि तिथे झालेला स्पर्श त्याला आवडतो. पोट, शेपटीचे मूळ आणि पंजे यांना हात लावू नये. हात काढल्यावर मांजर डोके पुढे ढकलून आणखी मागत असेल तर पुन्हा फिरवावा. पाठीचे कातडे थरथरू लागले, शेपटीचे टोक आपटू लागले किंवा कान मागे वळले, तर त्या दिवशीची भेट तिथेच संपवावी. ज्यांना मांजर "अचानक" चावले असे वाटते, त्यांना त्याआधीच्या या तीन खुणा दिसलेल्या नसतात.

ओळख पक्की असूनही बिनसते तेव्हा

इथवर सगळे ठीक असून मांजर एकाएकी बिथरले, तर माझ्या अनुभवात कारण पुढीलपैकी एक असते.

सर्वांत आधी दुखणे तपासावे. भांडणात लागलेला दात कातडीला सुईएवढे भोक पाडतो, ते भोक वरून बुजते आणि आत पू साचतो; बाहेर फक्त केस थोडे चिकटलेले दिसतात, पण तिथे हात लागला तर मांजर कळवळून चावते. मोहरीचे असे एकदा मागच्या मांडीवर झाले होते, आणि ती रागावली आहे असे समजून मी दोन दिवस वाया घालवले. लाळ गळणे, एक डोळा बारीक करून बघणे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरट पडदा पुढे आलेला असणे, अंग चाटणे बंद होणे, ही दुखण्याची चिन्हे आहेत. बोका वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल तर त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, कारण लघवी तुंबून तो दोन दिवसांत दगावू शकतो. घरातली कोणतीही गोळी देऊ नये; माणसांसाठी साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजराला विषारी असते.

मादी असेल तर दुसरी शक्यता पिल्लांची. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, आणि व्याल्यानंतरचे काही आठवडे ती कुणालाच जवळ करत नाही. ती घाईने खाऊन एकाच दिशेला निघून जात असेल आणि पोटाचे सड ओढलेले, आजूबाजूचे केस गळलेले दिसत असतील, तर तिच्या मागे जाऊ नये. जागा माणसांना कळली असे वाटले की ती पिल्ले मानेला धरून दुसरीकडे हलवते. पिल्ले एकटी दिसली म्हणून लगेच उचलून घरी आणणारे खूप भेटतात. त्यांची आई बहुधा भक्ष्य शोधायला गेलेली असते, आणि काही तास दुरून पाहिल्यास परत येते.

आवाज हे तिसरे कारण, आणि पुण्यात त्याचे स्वतःचे वेळापत्रक आहे. गणेशोत्सवाच्या कित्येक आठवडे आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, पुढे मिरवणुका आणि मग दिवाळीचे फटाके. मांजराचे कान आपल्यापेक्षा कितीतरी उंच पट्टीतले आवाज ऐकतात, आणि हा सगळा काळ त्याच्यासाठी सारखाच भीतीचा असतो. या दिवसांत मैत्री पुढे नेण्याचा प्रयत्न करू नये. वाटी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ठेवून निघून जावे, आणि मीटरच्या खोलीमागे किंवा जिन्याखाली एक पुठ्ठ्याचे खोके आडवे करून ठेवावे. मांजर चार दिवस आले नाही तरी वाटीची वेळ चुकवू नये.

वास आणि रूप यांमुळेही गोंधळ होतो. हेल्मेट, पावसाळ्यातला सळसळणारा रेनकोट, दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावून आलेले कपडे किंवा नुकताच फिनेलने पुसलेला जिना, यांपैकी काहीही ओळख पुसायला पुरेसे असते.

आणि एक कारण आपल्याला दिसत नाही: आपण नसताना कुणीतरी त्याला हाकललेले असते. काठी आपटणारा, पाणी फेकणारा माणूस आपल्याच इमारतीतला असतो, आणि मांजर त्या जागेलाच घाबरू लागते. यावर उपाय खाऊ घालणाऱ्याच्या हातात बऱ्याच अंशी असतो, कारण राग सहसा मांजरापेक्षा घाणीचा असतो. वाटी अर्ध्या तासाने उचलावी, सांडलेले पुसून घ्यावे, जागा कुणाच्या दारासमोर किंवा गाडीच्या बॉनेटजवळ नसावी, आणि वेळ दिवसातून दोनदा एवढीच ठेवावी. उरलेल्या अन्नावर मुंग्या, उंदीर आणि कुत्री आली तर तक्रार रास्तच असते. एवढे करूनही कुणी विष घालण्याची भाषा केली तर त्याला शांतपणे सांगावे की प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. मी सोसायटीच्या सभेत हे एकदा सांगितले आणि त्यानंतर त्याच सभासदांशी खाण्याची जागा कोणती असावी यावर नीट बोलणे होऊ शकले.

वाटीत काय असावे

हा भाग थोडक्यात सांगते. दूध देऊ नये. मोठ्या मांजरांतील बहुतेकांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. आजींना हे सांगणे मला जड गेले, कारण त्यांच्या लेखी मांजर म्हणजे दूधच. त्यांनी मग दुधाच्या वाटीत पाणी ठेवायला सुरुवात केली आणि उन्हाळ्यात त्या वाटीचा खरोखर उपयोग झाला. मांजरांसाठीचे कोरडे खाद्य आणि अधूनमधून मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी हे पुरेसे असते. आपल्या रश्श्यातले तुकडे धुऊनही देऊ नयेत, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. सुकटीच्या वासाने दूरचे मांजरही येते, पण तिच्यात मीठ फार असते, म्हणून ओळख करून देण्यापुरते चार-पाच दाणे पुरेत. केवळ कोंबडीवरही ठेवू नये. मांजराला टॉरिन आणि कॅल्शियम लागते आणि ते मांजरांच्या खाद्यात घातलेले असते.

ओरखडा किंवा चावा

हे लिहिणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण "घरचेच मांजर आहे" असे म्हणून लोक ते अंगावर काढतात. जिरीने मला पहिल्या वर्षी मनगटावर ओरबाडले तेव्हा मीही हळद लावायला निघाले होते. हळद, तिखट, चुना, काहीही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजप्रतिबंधक लस सुरू करावी. ओरखडा खोल नसला तरीही, आणि मांजर निरोगी दिसत असले तरीही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचाराने माणूस वाचत नाही, पण लस वेळेवर घेतली तर रोग टाळता येतो. डोस अर्धवट सोडू नयेत. मांजराचा दात बारीक आणि लांब असल्याने जंतू खोलवर जातात, म्हणून बोटाच्या किंवा मनगटाच्या सांध्याजवळचा चावा सुजण्याची वाट न पाहता दाखवावा.

जी मांजर कधीच हातात येणार नाही

काही मांजरे इतके करूनही फरशीभर अंतरावरच थांबतात. त्यांना घरात कोंडून माणसाळवण्याचा प्रयत्न करू नये. प्रौढ रानटी मांजर बंद खोलीत खात नाही, भिंतींवर धडका देते आणि आजारी पडते. त्यांच्यासाठी करण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट नसबंदी आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि वर्षात दोन-तीनदा विते. नसबंदीनंतर भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि बोक्यांचे भिंतींवर मूत्र फवारणे बरेच कमी होते, आणि शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. रानटी मांजर हाताने पकडू नये. त्यासाठी पायाशी दाबपट्टी असलेला सापळा-पिंजरा लागतो. त्याच्या दाराशी चार दिवस खाणे ठेवून, दार बांधून उघडे ठेवून, सवय झाल्यावरच तो लावतात, आणि मांजर आत गेले की लगेच चादरीने झाकतात, कारण अंधारात ते शांत होते. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे यांसारख्या संस्था प्राण्यांसाठी काम करतात. पिंजरा आणि शस्त्रक्रिया यांविषयी त्यांच्याशी किंवा आपल्या पशुवैद्याशी आधी बोलून घ्यावे. बरे झालेले मांजर जिथून नेले तिथेच आणून सोडावे.

थंडीत आणखी एक काळजी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा कधी दहा अंशांच्याही खाली जातो, आणि मांजरे ऊब शोधत गाडीच्या बॉनेटखाली किंवा चाकावर जाऊन बसतात. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारायला मी इमारतीतल्या सर्वांना सांगितले आहे, आणि वॉचमनकाका रोज सकाळी न सांगता सगळ्याच गाड्यांवर थाप मारतात.

जिरीच्या डाव्या कानाचे टोक आता सरळ आहे. शस्त्रक्रियेनंतर ती नऊ दिवस वाटीकडे फिरकली नाही, आणि परत आली तेव्हा अंतर पुन्हा आठ फरशांचे झाले होते. ते दोन फरशांवर यायला चार महिने लागले. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तिने पायरीशी येऊन माझ्या चपलेच्या अंगठ्यापाशी गाल घासला, पायाला लागली नाही, आणि स्कूटरच्या चाकामागे जाऊन बसली. कालनिर्णयमध्ये त्या तारखेला "जि" लिहून मी पुढे फक्त "चप्पल" असे लिहिले आहे.